पाण्याकडून पाण्याकडे

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत एक उभी रेघ दिसते. तो स्टुअर्ट हायवे. लांबी सुमारे २,७०० किलोमीटर. कूबर पीडी, ॲलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक, कॅथरीन ही त्यावरची गावं म्हणावीत अशी गावं. त्यांच्या मधली नावंही नकाशावर ठळक असतात, पण जवळ गेल्यावर एक पेट्रोलपंप, एक खानावळ आणि मुक्कामाच्या चार खोल्या निघतात. इथे त्याला रोडहाऊस म्हणतात. शंभर किलोमीटर आधीपासून माणूस त्याची वाट पाहत असतो.

या रस्त्यावर नजर आधी क्षितिजाकडे जाते. मग पेट्रोलच्या काट्याकडे. जमिनीकडे ती फार उशिरा वळते.

*

ग्लेनडँबो सोडलं की कूबर पीडीपर्यंत अडीचशे किलोमीटर पेट्रोल मिळत नाही. या प्रदेशात टाकी अर्धी असतानाच भरायची आणि तहान लागायच्या आत पाणी प्यायचं. गरज जाणवल्यावर जागं होणाऱ्याला इथे उशीर झालेला असतो.

गाडी बंद पडली तर गाडी सोडून जायचं नाही, हा इथला सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त मोडला गेलेला नियम. विमानातून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. जे चालत निघाले, त्यांतले कितीतरी जण गाडीपासून थोड्याच किलोमीटरवर मेलेले सापडले, कधी गाडीत पाणी शिल्लक असताना. संकटात पाय आपोआप हलतात. थांबायला बळ लागतं.

*

दक्षिण ऑस्ट्रेलियात वेगमर्यादा ११०, नॉर्दर्न टेरिटरीत १३०. या वेगात फक्त अंतर दिसतं.

उतरून दहा पावलं आत गेलं की तांबड्या मातीवर सॉल्टबुशची राखाडी झुडपं, मल्गाची काटक झाडं, उत्तरेकडे स्पिनिफेक्सच्या काटेरी गवताचे गोलाकार पुंजके. प्रत्येकाची पाणी धरून ठेवायची तऱ्हा निराळी. मल्गाच्या फांद्या वर उघडलेल्या असतात. पावसाचे चार थेंब पडले तरी ते फांद्यांवरून ओघळत खोडापाशी, मुळांपाशी उतरतात. ज्याचं नाव माहीत नाही ते झुडूप डोळ्यांना झुडूप म्हणूनही दिसत नाही. नाव कळल्याबरोबर ते गर्दीतून वेगळं होतं.

‘इथे काहीच नाही’ असं गाडीत कोणीतरी म्हणतंच. थकलेल्या माणसाचं साधं वाक्य आहे ते. पण या खंडाच्या इतिहासात याच वाक्यावर राज्य उभं राहिलं. ही भूमी कोणाचीच नाही, हा समज इंग्रजांनी कायद्याच्या जागी बसवला आणि दोनशे वर्षं चालवला. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एडी माबो यांच्या खटल्यात तो खोटा ठरवला. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. जमीन आपली होती हे न्यायालयाने मान्य केलेलं त्यांना ऐकता आलं नाही.

*

हा हायवे ज्याच्या नावाचा आहे, तो जॉन मॅकडूअल स्टुअर्ट २४ जुलै १८६२ रोजी उत्तरेच्या समुद्राला पोचला. त्याआधीच्या प्रयत्नांत तो परतला होता, एकदा वारुमुंगू लोकांनी अडवल्यामुळे. परतीच्या वाटेवर त्याची दृष्टी जवळजवळ गेली. दोन घोड्यांच्या मधे बांधलेल्या झोळीतून त्याला आणावं लागलं. चार वर्षांत तो लंडनमध्ये वारला. आपल्या मोहिमांत त्याने एकही सोबती गमावला नाही. धाडसी माणसांच्या यादीत असं नाव विरळा, आणि मला त्याचा मोठेपणा समुद्र गाठण्यापेक्षा यात जास्त वाटतो.

तो पाण्याकडून पाण्याकडे गेला. आयर सरोवराच्या बाजूला जमिनीतून झरे वर येतात. त्यांचं पाणी ग्रेट आर्टेशियन बेसिनचं: भारताच्या निम्म्याहून मोठ्या प्रदेशाखाली, सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला भूजलसाठा. पूर्वेच्या डोंगरांवर पडलेला पाऊस वालुकाश्मात मुरतो, वर्षाला काही मीटर सरकतो आणि लाखो वर्षांनी वाळवंटात बुडबुडे काढत बाहेर येतो. अरबाना लोक या झऱ्यांना एकेक करून ओळखत होते, त्यांच्या कथा सांगत होते. दूरदूरचे लोक गेरू आणायला जात तेही अशाच पाण्यांच्या आधाराने. स्टुअर्टला जी ओळ सापडली, ती आधीपासून चालत होती.

त्याच्यामागून तारेची लाइन आली. १८७२ साली चार्ल्स टॉड यांच्या देखरेखीखाली सुमारे ३६ हजार खांबांवरून ॲडलेड ते डार्विन तार जोडली गेली. लांब तारेत विजेचा संदेश क्षीण होतो. म्हणून ठरावीक अंतरावर ठाणी बांधली, तिथे माणसाने ऐकायचं आणि पुन्हा पुढे ठोकायचं. ठाणी पाणी असेल तिथेच बांधता आली: ॲलिस स्प्रिंग्ज, बॅरो क्रीक, टेनंट क्रीक, डेली वॉटर्स, कॅथरीन. दक्षिणेकडे ती लाइन हायवेच्या पूर्वेला, आजच्या ऊडनाडाटा ट्रॅकच्या अंगाने गेली. ॲलिसच्या उत्तरेला मात्र गाडी त्याच ठाण्यांवरून जाते. तिथली गावं पेट्रोलच्या टाकीच्या मापाने वसली असं वाटतं. ती पाणवठ्यांच्या मापाने वसली आहेत.

या तारेची वाट मुंबईवरून जात होती, हे मराठी वाचकाला सांगायला हवं. लंडनहून निघालेला संदेश समुद्राखालच्या तारेने एडनमार्गे मुंबईला यायचा, जमिनीवरून मद्रासला जायचा, तिथून पिनांग, सिंगापूर आणि जावा करत डार्विनला लागायचा. मग हे वाळवंट. बोटीने महिन्यांनी मिळणारी बातमी आता काही तासांत ॲडलेडला कळू लागली. वाटेतल्या ज्या माणसांच्या जमिनीवरून ती जात होती, त्यांना कोणीही काही विचारलं नव्हतं.

*

स्टुअर्टच्याच काळात बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून निघाली. पैसा भरपूर, सामान भरपूर. तिच्यासाठी १८६० साली चोवीस उंट कराचीहून जहाजाने आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. उंटांबरोबर उंटवाले आले, आणि जॉन किंग नावाचा भारतात नोकरी केलेला तरुण शिपाईही आला.

बर्क आणि विल्स १८६१ साली कूपर क्रीकच्या काठी उपासमारीने मेले. क्रीकला पाणी होतं. मासे होते. नार्डू नावाच्या पाणवनस्पतीचं पीठ करून यांड्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदत होते. नार्डू नीट भाजून, दळून, पाण्यात कालवून खाल्ला तरच अंगी लागतो, नाहीतर शरीरातलं ब१ जीवनसत्त्व तो नष्ट करतो. ही क्रिया त्या लोकांना येत होती. मासे घेऊन आलेल्या माणसांनाही बर्कने हाकललं. जॉन किंग त्यांच्याकडे जाऊन राहिला, त्यांनी वाढलेलं खात राहिला, आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला.

एकाच काठावर एकाच हंगामात तीन माणसांपैकी दोन मेली आणि एक वाचला. जमीन तीच होती. फरक फक्त मागण्याचा होता. ज्याला हात पसरता आला, तो जगला.

*

पुढची साठ वर्षं या प्रदेशाचं ओझं उंटांनी वाहिलं. बलुचिस्तान, पेशावर, पंजाब, सिंध, अफगाणिस्तान, कुठकुठून उंटवाले आले. इथे सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणत. तारेचे खांब, लोकरीच्या गाठी, रेल्वेचं सामान, दूरच्या वस्तीचं पीठ आणि साखर त्यांनी पोचवली. त्यांच्या मशिदींच्या खुणा मॅरी आणि ब्रोकन हिलला आहेत. ब्रोकन हिलच्या मशिदीत एक जुना ग्रंथ कुराण म्हणून जपून ठेवला होता. इतिहासकार सामिया खातून यांनी उघडला तेव्हा तो बंगालीतला पद्यग्रंथ निघाला. कोणीतरी तो एवढ्या लांब बरोबर आणला होता. वाळवंटात ओझं मोजून घ्यावं लागतं, आणि त्या मोजणीत त्याने कविता धरली होती. मला या प्रवासात ऐकलेल्या गोष्टींपैकी हीच सर्वांत जास्त वेळा आठवते.

१९२० च्या दशकात मोटार आली आणि उंटवाल्यांचा धंदा बसला. अनेकांनी जनावरं मारण्याऐवजी सोडून दिली. त्यांची पिल्लावळ आज रानटी उंट म्हणून फिरते, दुष्काळात पाणवठ्यांवर तुटून पडते, पाणी घाण करते. उंटांचा यात दोष नाही. ज्यांनी आणले त्यांनी परतीचा विचार केला नव्हता.

*

याच प्रदेशातलं ॲना क्रीक हे गुरांचं एकच कुरण (इथे त्याला स्टेशन म्हणतात) आपल्या पुणे जिल्ह्याएवढं आहे. एवढ्या कुरणाचा मालक आणि त्याची गुरं एकमेकांना क्वचितच पाहत असतील.

*

समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. आपणही उचलतो. ओळख नाही, पुन्हा भेट नाही. शहरात हजारोंच्या गर्दीत जे कोणी करत नाही ते इथे प्रत्येक जण करतो. माणूस दुर्मीळ झाला की माणसाची किंमत कळते.

मग रोड ट्रेन येते: तीन-तीन डबे जोडलेला ट्रक, लांबी ५३ मीटरपर्यंत. ती ओलांडायला सरळ, मोकळा रस्ता आणि सबुरी लागते. तिच्या वाऱ्याचा झोत गाडीला ढकलतो. तिला थांबायला फार अंतर लागतं, म्हणून बाजूला व्हायचं आपणच. रस्त्याच्या कडेला मेलेली कांगारू आणि त्यांच्यावर बसलेले मोठे गरुड दिसतात. पहाटे आणि सांजेला जनावरं डांबराकडे येतात. अंधारात गाडी हाकू नये असं इथले लोक सांगतात, त्यात जनावरांच्या जिवाइतकाच आपल्याही जिवाचा विचार असतो.

*

कूबर पीडीत १९१५ साली एका चौदा वर्षांच्या मुलाला ओपल सापडला. तो बापाबरोबर सोनं शोधायला आला होता. आज निम्मं गाव जमिनीखाली राहतं. बाहेर पारा पंचेचाळिसाला भिडतो, खाली खोदलेल्या घरात बारा महिने पंचविसाच्या आसपास. उन्हाशी लढण्याऐवजी त्याच्या खाली गेलेली माणसं शहाणी म्हणायला हवीत.

*

कूबर पीडीच्या पुढे मार्ला लागतं. त्या भागात वॉलाटिना नावाची वस्ती आहे. ऑक्टोबर १९५३ मध्ये ब्रिटिशांनी ईमू फील्डला अणुस्फोट केले. तिथली जागा निवडताना नकाशावर ती मोकळी दिसली होती. यामी लेस्टर तेव्हा लहान मुलगा होता. दक्षिणेकडून काळं, चिकट धुकं वस्तीवर आल्याचं त्याने आणि मोठ्या माणसांनी पाहिलं. लोक आजारी पडले. पुढे यामीची दृष्टी गेली. मारालिंगाला १९५६ आणि १९५७ मध्ये आणखी सात मोठे स्फोट झाले. लोकांना सावध करायला इंग्रजीत पाट्या लावल्या होत्या, इंग्रजी न वाचणाऱ्यांच्या प्रदेशात.

यामी लेस्टर आंधळेपणीच लढले. १९८४ साली चौकशी आयोग नेमला गेला, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. ते २०१७ साली वारले. वॉलाटिनाकडे जाणारा फाटा आजही ११० च्या वेगातल्या गाडीला दिसत नाही. जिथे कोणी नाही असं आपण मानतो, तिथेच आपण आपली सर्वांत वाईट कामं उरकतो.

*

एका रात्री रस्त्यापासून आत, गाडीचे दिवे मालवून आम्ही आकाशगंगेखाली उभे राहिलो. सप्तर्षी, मृग, कृत्तिका: आपण तारे जोडून आकृती काढायला शिकलो. इथले अनेक लोक ताऱ्यांच्या मधला काळोख वाचतात. दक्षिणेच्या क्रुसाजवळच्या काळ्या डागात ईमूचं डोकं, तिथून आकाशगंगेतून लांबत जाणारी मान, धड, पाय. न्यू साउथ वेल्सचे कामिलारोई लोक त्या ईमूच्या आकाशातल्या ठेवणीवरून खाली ईमू अंड्यांवर कधी बसेल ते ओळखत. एकदा ती काळी आकृती दिसली की पुन्हा लपत नाही. तिच्याकडे पाहताना तारेच आड येऊ लागतात.

*

उलुरूसाठी अर्लडंडाला डावीकडे वळावं लागतं, मग अडीचशे किलोमीटर. खडक मैदानावर ३४८ मीटर उभा आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी तो अनंगू लोकांना कायद्याने परत मिळाला. चढू नका अशी त्यांची विनंती पायथ्याशी लिहिलेली असायची, आणि तिच्यासमोरून लोक चढत राहायचे. २६ ऑक्टोबर २०१९ ला चढणं बंद झालं. विनंती न ऐकणाऱ्यांसाठी अखेर दार लावावं लागलं.

त्या खडकाचं खरं ऐश्वर्य खाली आहे. भोवतालच्या सुमारे दहा किलोमीटरच्या वाटेवर, मुटिजुलूच्या कपारीत पाणी आहे. माथ्यावर गेलेल्यांना ते दिसत नसे.

*

बॅरो क्रीकला बहुतेक जण थोडं थांबून पुढे निघतात. तिथल्या तारठाण्यावर १८७४ साली कायटेटी लोकांनी हल्ला केला, दोन कर्मचारी मेले. त्यांचा पाणवठा आणि त्यांची जमीन तोवर कुंपणात गेली होती. बदला म्हणून गोऱ्यांच्या टोळ्या आठवडेच्या आठवडे फिरल्या. त्या दोघांची थडगी तिथे आहेत. मारल्या गेलेल्या कायटेटींची मोजदाद कोणी ठेवली नाही.

१९२८ हे साल या रस्त्यावर दोन तऱ्हांनी भेटतं. मे महिन्यात जॉन फ्लिन यांच्या कल्पनेतली विमानातून जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा क्लॉनकरीहून सुरू झाली. आज तिचं विमान गरज पडली तर याच हायवेवर उतरतं. रस्त्याच्या काही सरळ पट्ट्यांवर त्यासाठी खुणा रंगवलेल्या आहेत. त्याच वर्षी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत कॉनिस्टनच्या परिसरात पोलीस जॉर्ज मरी यांच्या टोळीने बायका-मुलांसकट आदिवासींना गोळ्या घातल्या. सरकारी आकडा ३१. खरा त्याहून पुष्कळ मोठा असल्याचं इतिहासकार मानतात. मरी यांना दोषी धरलं गेलं नाही. एकाच वर्षी, एकाच भूमीवर, एका माणसाचा जीव वाचवायला विमान निघालं आणि दुसऱ्याचा घ्यायला घोडे. कोणाचा जीव मोजायचा हे आधीच ठरलेलं होतं.

फ्लिन १९५१ मध्ये वारले. ॲलिसजवळ त्यांच्या अस्थींवर ठेवण्यासाठी टेनंट क्रीकच्या दक्षिणेहून, कार्लू कार्लूहून, एक प्रचंड गोल शिळा उचलून आणली गेली. गोरे त्या जागेला डेव्हिल्स मार्बल्स म्हणत. ती कायटेटी, वारुमुंगू आणि शेजारच्या लोकांची पवित्र जागा. आणणाऱ्यांच्या मनात फ्लिनविषयी आदरच होता. पण तो आदर दाखवायला त्यांनी दुसऱ्याचं देवस्थान फोडलं. कार्लू कार्लूच्या लोकांनी ती शिळा परत मागत राहायचं सोडलं नाही. अखेर १९९९ साली ती मूळ जागी गेली. तिच्या जागी फ्लिनसाठी दुसरा दगड ॲलिसच्या अरर्न्टे लोकांनी आपल्या भूमीतून दिला.

ज्यांच्याकडून घेतलं होतं त्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी मृताला उघडं ठेवलं नाही. या सबंध रस्त्यावर याच्याएवढा मोठा माणुसकीचा प्रसंग मला ठाऊक नाही, आणि त्याची पाटी बहुतेक गाड्या न वाचता पुढे जातात.

*

ॲडलेड, मेलबर्न, सिडनीत आता मराठी घरं पुष्कळ आहेत. सुट्टीत ही वाट धरणारे दरवर्षी वाढतील. जाणार असाल तर मे ते ऑगस्टमध्ये जा, माणशी भरपूर पाणी घ्या, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. बॅरो क्रीकला थडगी पाहा आणि जी नाहीत त्यांचाही विचार करा. कार्लू कार्लूला गाडीतून उतरा, ज्या खडकांवर जाऊ नका म्हटलं असेल तिथे जाऊ नका. तिथून खडा किंवा तांबड्या मातीची चिमूटही आठवण म्हणून उचलू नका. उलुरूहून लोकांनी नेलेले दगड आजही जगभरातून टपालाने परत येतात, कित्येकांबरोबर माफीचं पत्र असतं, आणि नेमका कुठला दगड कुठे ठेवायचा हे उद्यानातल्या लोकांना कळायला मार्ग नसतो.